चवदार तळ्याचा दावा : आपण न वाचलेले वाङ्मय

दलित साहित्याची समीक्षा वेदना, विद्रोह आणि नकार या तीन शब्दांच्या आधाराने उभी राहिली. कविता आली, कथा आली, आत्मकथन आले. प्रत्येकाला या तीन शब्दांवर घासून पाहिले गेले. त्यातून पुष्कळ साधले. ज्या लेखनाकडे प्रस्थापित समीक्षेला बघावेसेही वाटत नव्हते, त्याची दखल तिला घ्यावी लागली. परंतु या कसोटीतून एक अख्खा लेखनप्रकार निसटला, आणि तो आपल्या लेखनपरंपरेतला सर्वांत जुना आहे असे माझे मत आहे. तो म्हणजे अर्ज. विनंतीपत्र, निवेदन, कैफियत, फिर्याद. ज्या कागदाच्या माथ्यावर कुठल्यातरी साहेबाचे नाव असते आणि तळाला सही किंवा अंगठा असतो, असे सगळे लेखन. ते आपण वाङ्मय मानले नाही. कचेरीचे म्हणून बाजूला ठेवले.

हे मी रायगडच्या किनाऱ्यावर राहून म्हणतो आहे, आणि त्याला कारण आहे. गोपाळबाबा वलंगकर महाड तालुक्यातल्या रावढळचे. पलटणीतून निवृत्त होऊन आलेला हा माणूस १८८८ मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ लिहितो, आणि लिहितो ते विनंतीपत्राच्या रूपात. धर्माच्या अधिकाऱ्यांपुढे प्रश्न मांडायचे आणि उत्तर मागायचे, अशी त्याची रचना आहे. पुढे महारांची सैन्यभरती बंद झाली तेव्हा १८९४ मध्ये त्यांनी सरकारकडे करायचा अर्ज तयार केला. समीक्षक वलंगकरांना ‘आद्य’ म्हणून नमस्कार करतात आणि पुढे जातात. त्यांनी विनंतीपत्राचेच रूप का घेतले, हा वाङ्मयीन प्रश्न कोणी फारसा विचारत नाही. माझे उत्तर साधे आहे. विनंती करणाऱ्याला बोलू दिले जाते. जोहार घालणाऱ्याचे वाक्य तोडायचे नाही, एवढी सवलत त्या समाजाने ठेवलेली होती. वलंगकर त्या सवलतीत शिरले आणि आत जाऊन त्यांनी उलटतपासणी सुरू केली. नम्रता मायन्यात आणि आरोप मजकुरात, ही शैली आहे. तिला शैली म्हणायला आपल्याला अडचण वाटते, कारण आपली शैलीची कल्पना कवितेवर बेतलेली आहे.

याच टापूतल्या दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे. महाडची पहिली परिषद भरवण्यात ज्यांचे श्रम सर्वांत जास्त, त्यांतले ते एक. लहानपणी महाडच्या इंग्रजी शाळेने त्यांना जातीमुळे प्रवेश नाकारला. या मुलाने वर्तमानपत्राला पत्र लिहिले. शाळा सरकारचे अनुदान घेते, मग एका जातीच्या मुलाला दारात कशी उभी करत नाही, हा त्याचा मुद्दा. मुद्दा लागू पडला. प्रवेश मिळाला, बसवले मात्र बाहेर. या हकिकतीत दलित कायदेलढ्याचे पुढचे सगळे सूत्र आलेले आहे. मुलाने दयेचा अर्ज केला नाही. पैसा कोणाचा आहे हे त्याने विचारले.

चवदार तळ्याच्या दाव्यातही नेमके हेच विचारले गेले.

महाडबद्दल आपल्या कवितेने काय लक्षात ठेवले? २० मार्च १९२७ ची ओंजळ, आणि त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरची मनुस्मृतीची होळी. पाणी आणि आग. दोन्ही प्रतिमा जबरदस्त आहेत आणि गाण्यांतून, जलशांतून, पोवाड्यांतून त्या घराघरांत गेल्या आहेत. दरवर्षी २० मार्चला महाडला लोटणाऱ्या गर्दीत मी विद्यार्थ्यांना घेऊन जातो. परतीच्या एस.टी.त मी विचारतो, तळ्याचा निकाल कधी लागला? मुले म्हणतात, त्याच दिवशी लागला की सर, बाबासाहेबांनी पाणी प्यायले. हे उत्तर मुलांचे नाही, आपल्या साहित्याचे आहे. निकाल लागला १७ मार्च १९३७ रोजी, मुंबई उच्च न्यायालयात. ओंजळीपासून निकालापर्यंत दहा वर्षांना तीन दिवस कमी. या दहा वर्षांवर कविता नाही, नाटक नाही. चरित्रकारांनी तारखा दिल्या, आनंद तेलतुंबडे यांनी महाडवरच्या इंग्रजी ग्रंथात कागद तपासले, महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या खंडांत दस्तऐवज छापले. म्हणजे साहित्य हाताशी आहे. वाचणारा वाङ्मयीन डोळा तेवढा नाही.

थोडक्यात हकिकत सांगणे भाग आहे. सी. के. बोले यांचा, म्हणजे सीताराम केशव बोले यांचा, सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत झाला. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठराव केला. तो कागदावर राहिला. १९ आणि २० मार्च १९२७ ला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, लोक तळ्यावर गेले, पाणी प्यायले, दंगल झाली, डोकी फुटली, मग १०८ घागरींनी तळ्याची ‘शुद्धी’ झाली. ४ ऑगस्ट १९२७ ला, बोले ठरावाच्या बरोबर चौथ्या वाढदिवशी, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. इथपर्यंतचे आपल्याला माहीत असते. पुढे डिसेंबरात सत्याग्रह ठरला आणि त्याआधी सवर्णांनी महाडच्या दिवाणी न्यायालयात १९२७ चा दावा क्रमांक ४०५ लावला. १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम निघाला.

दावा कोणी लावला हे लक्षात घ्या. सवर्णांनी. कायद्याच्या दारात आपण गेलो नाही, आपल्याला ओढून नेले गेले. हजारो वर्षे ज्यांचा शब्द हाच कायदा होता, त्यांना १९२७ साली कोर्टाचा शिक्का लागू लागला. मला या दाव्यातली ही पहिली वाङ्मयीन घटना वाटते. गावातला दंडुका मराठी दावाअर्जाची भाषा बोलू लागला. ‘तळे आमच्या खाजगी मालकीच्या स्वरूपाचे आहे, ते वापरण्याचा हक्क आमचाच आहे, अस्पृश्यांना तो नाही’, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. ज्याला हक्क म्हणून सांगावे लागते ते निसर्गनियम राहत नाही, हे दावा लावणाऱ्यांच्या ध्यानात आले नसावे.

आता प्रतिवादींची नावे वाचू. डॉ. भीमराव रामजी आंबेडकर, सीताराम नामदेव शिवतरकर, कृष्णाजी कदम, गण्या मालू चांभार. एकाच मनाई हुकुमात ही नावे एकाखाली एक येतात. एक नाव कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेतलेल्या बॅरिस्टराचे. आणि एक नाव असे, की ज्याला कारकुनाने गणू किंवा गणपत लिहिले नाही, ‘गण्या’ लिहिले, आणि आडनावाच्या जागी जात लिहिली. गावाने जशी हाक मारली तशी कोर्टाने लिहून घेतली. ज्यांना दलित आत्मकथनातले नावाचे दुःख ठाऊक आहे, शाळेच्या दाखल्यावर मास्तराने काय नाव घातले याची कहाणी ज्यांनी घरोघर ऐकली आहे, त्यांना या एका ओळीत काय आहे ते सांगायला नको. पण याच ओळीची दुसरी बाजूही आहे. दावा दोन्ही बाजूंच्या समाजांचे प्रतिनिधी म्हणून लढला जात होता. म्हणजे ज्याला गाव अरेतुरे करीत होते तो गण्या मालू कायद्याच्या पटावर सगळ्या अस्पृश्यांच्या वतीने उभा होता, आणि तेही डॉक्टर आंबेडकरांच्या पंक्तीत. अशी पंक्ती त्या काळच्या महाडात दुसरीकडे कुठे बसली असती?

मनाई हुकूम झाल्यावर डिसेंबरच्या परिषदेत जे घडले, त्याचे वर्णन करताना आपले लेखक घाई करतात. दासगाव बंदरात बोटीतून उतरून माणसे पायी महाडला आली होती. सत्याग्रहासाठी ३,८८४ जणांनी नावे नोंदवली होती. २५ तारखेच्या रात्री मनुस्मृती जळली. २७ तारखेला सत्याग्रह तहकूब झाला, लोकांनी शहरातून मिरवणूक काढली, तळ्याला वळसा घातला आणि पाण्याला हात न लावता परत फिरले. तीन दिवसांत एक कायदा जाळला आणि दुसऱ्या कायद्याचा हुकूम पाळला. पहिल्या कृतीवर आपण शेकड्याने कविता लिहिल्या. दुसरीचा उल्लेख आला की लेखणी अवघडते, जणू तो माघारीचा प्रसंग आहे. कलेक्टरने परिषदेत येऊन हुकूम पाळण्याचे सांगितले होते, आणि सवर्ण व सरकार या दोघांशी एकाच वेळी लढणे बाबासाहेबांना परवडणारे वाटत नव्हते, हे खरे. पण ज्या लोकांनी प्राणाची तयारी करून नाव नोंदवले होते, त्यांना पाण्याच्या काठावरून मागे फिरवणे हा केवढा नाट्यमय प्रसंग आहे! आग लावायला धैर्य लागते. तळ्याला वळसा घालून कोरड्या घशाने परतायला काय लागते, ते आपल्या एकाही नाटककाराने शोधले नाही.

हुकूम २३ फेब्रुवारी १९२८ ला उठला. दाव्याचा निकाल ८ जून १९३१ ला अस्पृश्यांच्या बाजूने लागला. ठाण्याच्या न्यायालयात वादींचे अपील ३० जानेवारी १९३३ ला फेटाळले गेले. मग उच्च न्यायालय. नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर. न्यायमूर्ती ब्रूमफिल्ड आणि न्यायमूर्ती एन. जे. वाडिया. (हे ब्रूमफिल्ड म्हणजे १९२२ साली अहमदाबादेत गांधींना सहा वर्षांची शिक्षा देणारेच. त्या खटल्यातले त्यांचे शब्द शाळेच्या पुस्तकांत पोचले. या निकालाचे शब्द कुठे पोचले?)

हा निकाल काय म्हणतो, याबद्दल आपल्यात मोठा गैरसमज आहे. सभांतून सांगितले जाते की उच्च न्यायालयाने अस्पृश्यता बेकायदा ठरवली, समतेचा हक्क दिला. निकाल वाचला तर तसे काही सापडत नाही. वादींचे म्हणणे अखेरीस वहिवाटीवर येऊन टेकले होते. तळे नगरपालिकेकडे असले तरी अस्पृश्यांना दूर ठेवण्याची वहिवाट आमच्या बाजूने आहे, असे ते म्हणत होते. वहिवाटीला कायद्याचे बळ यायचे तर ती अनादी असावी लागते. इंग्लंडच्या कायद्यात अनादी म्हणजे ११८९ सालापूर्वीची, असा संकेत आहे. कोणी एखाद्या ठिकाणी आजवर गेले नाही आणि कोणाला तिथे जाण्यास मनाई करण्याचा दुसऱ्याला हक्क आहे, या दोन वेगळ्या गोष्टी; पहिली दाखवून दुसरी सिद्ध होत नाही. अनादी वहिवाट सिद्ध झालेली नाही, असे न्यायमूर्तींनी म्हटले आणि अपील फेटाळले. ती सिद्ध झाली असती तर ती अवाजवी आहे काय, सार्वजनिक हिताविरुद्ध आहे काय, हे कदाचित बघावे लागले असते, एवढे सांगून तो दरवाजा त्यांनी तसाच लोटून ठेवला.

म्हणजे आपण जिंकलो ते अस्पृश्यता वाईट ठरली म्हणून नव्हे, ती पुरेशी जुनी ठरली नाही म्हणून! हा उपरोध कुठल्याही उपरोधिक कथेपेक्षा भारी आहे. धर्ममार्तंड सांगत होते, ही रीत सनातन आहे. कोर्टाने विचारले, किती सनातन? पुरावा द्या. आणि सनातनाला पुरावा देता आला नाही. मला हा निकाल कमी मोलाचा वाटत नाही. परंतु त्याचे मोल नेमके कोणते हे न कळता त्याच्यावर हार घालणे मला मान्य नाही. न्यायमूर्तींनी जो प्रश्न उघडला नाही, तो त्या दाव्यातल्या पहिल्या प्रतिवादीने पुढे संविधान सभेत उघडला. १९५० च्या संविधानातल्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तळी, स्नानाचे घाट हे शब्द आहेत. इतक्या मोठ्या दस्तऐवजात तळे कुठून आले, हे महाडच्या माणसाला विचारावे लागत नाही. सतराव्या अनुच्छेदाने वहिवाटीचे वय विचारण्याचे कारणच संपवले.

अमेरिकेतल्या काळ्यांच्या लढ्याशी आपण आपले नाते सांगतो. १९७२ मध्ये दलित पँथरने नावही तिकडून घेतले. तिकडेही स्मृतीचा हाच खेळ झालेला आहे. माँटगोमेरीत १९५५-५६ मध्ये काळ्या माणसांनी वर्षभराहून अधिक काळ बसवर बहिष्कार घातला, हे जगाला माहीत आहे. तिथल्या बसमधला भेद कायद्याने संपला तो ब्राउडर विरुद्ध गेल या खटल्यात. चार काळ्या स्त्रिया वादी होत्या, त्यांतली क्लॉडेट कोल्व्हिन शाळकरी वयाची, आणि वकील फ्रेड ग्रे पंचविशीतला, त्याच गावचा. चालणाऱ्या पायांची गाणी झाली. फिर्यादीवर सह्या करणाऱ्या चौघींची नावे कित्येक वर्षे मागेच राहिली. आणि ओकलंडचे ब्लॅक पँथर? पोलिसांच्या गाडीमागे जाताना त्यांच्याजवळ बंदुकीबरोबर कायद्याचे पुस्तक असे. आपण नाव घेतले, संताप घेतला, कवितेची भाषा घेतली. पुस्तकाचे काय झाले? आपल्या पँथरनी अत्याचाराच्या गावी धावून जाण्यात कसूर केली नाही, हे मी विसरत नाही. पण त्या धावून जाण्यातून कवितासंग्रह निघाले तसे फिर्यादींचे संग्रह निघाले नाहीत.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो तरुण मित्रांकडून येईल. कायद्याची भाषा ही प्रस्थापितांची भाषा. तीत लिहिणे म्हणजे आपली वेदना त्यांच्या मापाने कापून देणे. आक्षेपात तथ्य आहे. आमच्या घरात शिक्क्याचा कागद आला की चूल थंड व्हायची. वडिलांना तो वाचता येत नसे, आणि वाचून दाखवणारा हा नेहमी वरच्या आळीतला असे. पण मी जे पाहतो आहे ते या आक्षेपाला पुरून उरते.

माझी एक विद्यार्थिनी. गाव सांगत नाही, समुद्रालगतचे आहे. सार्वजनिक नळावर तिच्या आईला जातीवरून बोलले गेले. फिर्याद लिहून घेणाऱ्याने ‘जातिवाचक शिवीगाळ केली’ एवढे तीन शब्द लिहिले आणि सही मागितली. आईने केली असती. मुलीने कागद ओढून घेतला आणि म्हणाली, काय शिवी दिली ती जशीच्या तशी लिहा. आईला ते शब्द पुन्हा तोंडाने उच्चारावे लागले, अनोळखी पुरुषांसमोर. मुलीने नळ कुठे आहे ते लिहवले, किती वाजले होते ते लिहवले, हंडे घेऊन कोण कोण उभे होते त्यांची नावे लिहवली. कारण १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात अपमान लोकांच्या नजरेसमोर झालेला असावा लागतो, आणि चार भिंतींतला अपमान त्यात बसत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलेले आहे. वर्गात मी ‘तपशिलाचे महत्त्व’ यावर व्याख्याने देतो. कोणता तपशील ठेवावा, कोणता गाळावा, निवेदक कोण, साक्षीदार कोण. तिने ते सगळे त्या एका पानात केले. ‘शिवीगाळ’ हा गोळाबेरीज शब्द आहे. तो शिवी देणाऱ्याला वाचवतो. हाच दोष मी कितीतरी कवितांत दाखवीत आलो आहे.

तिला कोणी शिकवले होते? चळवळीतल्या एका कार्यकर्त्याने, जो वकील नाही. २०१६ च्या २६ जानेवारीपासून लागू झालेल्या दुरुस्तीप्रमाणे तोंडी फिर्याद लिहून घेतल्यावर सहीपूर्वी ती वाचून दाखवणे आणि प्रत देणे हे अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. हे कलम त्याने झेरॉक्स काढून खिशात ठेवलेले असते. ज्या घरांत कागद वाचून दाखवणारा नव्हता, त्या घरांसाठी लिहिलेले कलम आहे ते. आमच्या जिल्ह्यात गावकीने वाळीत टाकण्याची प्रकरणे इतकी झाली की वर्तमानपत्रांतून रायगडचे नाव त्यासाठीच येऊ लागले. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, तो जुलै २०१७ पासून लागू झाला; तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पण बहिष्कार सिद्ध करणे म्हणजे न घडलेल्या गोष्टींची यादी करणे. लग्नाला बोलावले नाही. दुकानदाराने मीठ दिले नाही. मयताला कोणी खांदा दिला नाही. अभावाचे असे लेखन करायला किती कसब लागते, याचा विचार आपल्या कथाकारांनी करून पाहावा.

आणि हे कसब जपले नाही तर काय होते तेही आपण पाहिले आहे. महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालच्या अटकेवर आणि गुन्हा नोंदण्यावर अटी घातल्या. तारीख होती २० मार्च २०१८. चवदार तळ्याचा वर्धापनदिन! त्या दिवशी महाडला गर्दी होती, भाषणे चालू होती. २ एप्रिलला देशभर बंद झाला, माणसे मेली, संसदेने त्याच वर्षी कलम १८-अ घातले, न्यायालयाने २०१९ मध्ये आपले निर्देश मागे घेतले आणि २०२० मध्ये दुरुस्ती वैध ठरवली. त्या मूळ निकालात आपल्या फिर्यादींबद्दल एक समजूत होती, की त्या पुष्कळदा खोट्या असतात. त्या समजुतीला उत्तर रस्त्यावरून दिले गेले, संसदेतून दिले गेले. समीक्षेतून दिले गेले नाही. फिर्याद हा लेखनप्रकार ज्याने कधी वाचलाच नाही, तो समीक्षक ती खरी कशी ओळखावी हे कोणाला काय सांगणार?

म्हणून माझी सूचना व्यवहारातली आहे. जिल्हावार जुन्या फिर्यादी, निवेदने, कैफियती गोळा कराव्यात. नावे झाकून, पण भाषा न सुधारता छापाव्यात. नियतकालिकांनी कवितेला देतात तेवढी पाने त्यांना द्यावीत. बी.ए.च्या दलित साहित्याच्या अभ्यासक्रमात चवदार तळ्याचा निकाल मराठीतून लावावा. तो फार मोठा नाही. दोन तासिकांत वाचून होतो. आणि दावा क्रमांक ४०५ वर कोणी नाटक लिहायला बसलाच, तर त्याने डॉक्टर आंबेडकरांपासून सुरुवात करू नये. त्यांच्यावर लिहिणारे खूप आहेत. गण्या मालू चांभाराच्या हातात बेलिफाने मनाई हुकूम ठेवला, तिथून पडदा वर जावा.